फुलपाखराचा फोटो पुन्हा पुसट? आधी त्यात शार्प काय आलंय ते शोधा

एप्रिल लागला की माझं दर वर्षी हेच व्हायचं. गच्चीवर लिंबू, कढीपत्ता, सदाफुली, एक्झोरा अशा कुंड्या. सकाळी पाणी घालून झालं की कॅमेरा गळ्यात अडकवून तासभर फुलपाखरांच्या मागे. दीड-दोनशे फोटो व्हायचे. आत येऊन लॅपटॉपवर उघडले की डिलीट, डिलीट, डिलीट. कॅमेऱ्याच्या मागच्या तीन इंची पडद्यावर झकास दिसलेलं फुलपाखरू मोठं करून बघितलं की पाण्यात भिजून रंग उतरल्यासारखं. शेवटी हातात उरायचे चार फोटो. त्यातले दोन ‘चालेल’ म्हणून ठेवलेले.

पहिली दोन वर्षं मी यावर एकच औषध घेत होतो. शटरचा वेग वाढवायचा. कधी गुण यायचा, कधी नाही. मग लेन्सवर संशय घेतला. ती तपासून आणली, दोष निघाला नाही. नवीन लेन्सचे भाव बघून झाले (ते बघितल्यावर जुनी लेन्स एकदम बरी वाटायला लागते).

मग एका मे महिन्यात मी डिलीट करणंच थांबवलं. वाया गेलेले सगळे फोटो एका फोल्डरमध्ये टाकत गेलो आणि महिन्याच्या शेवटी एका बैठकीत बघितले. तेव्हा लक्षात आलं की मी ‘पुसट’ हा एकच शब्द पाच-सहा वेगवेगळ्या दुखण्यांना वापरत होतो. ताप आला म्हणून कोणी मलेरियाची गोळी गिळत नाही, आधी रक्त तपासतो. इथेही तसंच आहे. एका दुखण्याचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही, उलट कधी कधी ते वाढवतं.

तर तपासणी अशी. फोटो शंभर टक्के मोठा करा. फुलपाखराकडे बघूच नका. आख्ख्या चौकटीत कुठे तरी, काही तरी शार्प आलंय का ते शोधा. पाकळी, देठ, कुंडीची कड, मागचं पान, काहीही. ते सापडलं, किंवा सापडलं नाही, की निम्मं निदान झालं.

कुठेच काही शार्प नाही

फूल नाही, पान नाही, कुंडी नाही. नीट बघितलं तर प्रत्येक रेघेला जुळी रेघ दिसते, आणि सगळ्या एकाच दिशेला सरकलेल्या. हा हात हलल्याचा पुरावा.

“भर उन्हात हात कसा काय हललेला दिसेल?” असं मीही म्हणायचो. हिशोब करून बघा. कडक उन्हाचा जुना ठोकताळा आहे: एफ/१६ ला शटर म्हणजे एक भागिले आयएसओ. (एफचा आकडा म्हणजे लेन्सच्या भोकाचं, अॅपर्चरचं माप: आकडा मोठा तितकं भोक बारीक. आयएसओ म्हणजे सेन्सर प्रकाशाला किती संवेदनशील आहे ते.) आयएसओ १०० असेल तर १/१०० सेकंद. आता मॅक्रो लेन्सने किडा जेवढा आहे तेवढाच सेन्सरवर पाडला, म्हणजे एकास एक, तर लेन्स इतकी पुढे सरकते की दोन स्टॉप प्रकाश वाटेतच जातो, म्हणजे पाव भागच उरतो. १/१०० चं झालं १/२५. वर सूर्य आग ओकतोय, आणि कॅमेरा गुपचूप १/२५ ला फोटो काढतोय. अॅपर्चर प्रायॉरिटीवर (भोक आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो) ठेवून बिनधास्त राहिलं की हे कळतही नाही. फोटोच्या माहितीत शटरचा आकडा लिहिलेला असतो, तो आधी वाचा.

१०० एमएमच्या लेन्सला १/१०० पुरतं हा नियम दूरच्या दृश्यासाठी. जवळ गेलं की किड्याबरोबर हाताचा कंपही मोठा होतो. मी फुलपाखराला १/५०० च्या खाली उतरत नाही, आणि त्यासाठी आयएसओ ८०० करून मोकळा होतो. सावलीत १६००. दाणेदार फोटो बघता येतो, हललेला बघवत नाही.

लेन्समधल्या स्थिरीकरणावरही फार विसंबू नका. ते मुख्यतः कॅमेरा जागच्या जागी डुलल्याचा, म्हणजे त्याचा कोन बदलल्याचा दोष पुसतं. इतक्या जवळून मात्र कॅमेरा आख्खाच्या आख्खा डावी-उजवीकडे किंवा वर-खाली सरकतो, त्याचा त्रास जास्त. २००९ साली कॅननने १०० एमएमच्या एका मॅक्रो लेन्समध्ये ही सरकही पकडणारी यंत्रणा दिली, आणि आता सेन्सर हलवून स्थिर करणारे कॅमेरेही ते काम बऱ्यापैकी करतात. पण फूल हललं तर या सगळ्या यंत्रणा हात वर करतात.

ट्रायपॉड? कुंड्यांच्या गर्दीत त्याचे तीन पाय मांडेपर्यंत फुलपाखरू शेजारच्या सोसायटीत. माझी अवजारं म्हणजे पालथी घातलेली बादली आणि झाडूचा दांडा. बादलीवर बसायचं, कोपरं फासळ्यांना टेकवायची, दांडा जमिनीवर उभा धरून त्याच मुठीत लेन्सचं बूड पकडायचं. घरचे हसतात. हसू द्या.

आता यातलाच एक पोटप्रकार. कुंडीची कड शार्प आहे, पण फूल आणि त्यावरचं फुलपाखरू दोन्ही सरकलेलं. म्हणजे हात ठीक, वाऱ्याने घात केला. पुण्यात मे महिन्यात दुपारनंतर पश्चिमेकडून वारा सुटतो, तेव्हा कॉसमॉससारख्या लांब देठाच्या फुलांच्या वाटेला जाऊच नये. सकाळच्या झुळकेला मात्र इलाज आहे. कुंडीत बांबूची काडी खोचा आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्याने फुलाचा देठ तिला पकडा. चिमटा फुलाच्या चार बोटं खाली, म्हणजे चौकटीत येत नाही. हे फुलपाखरू यायच्या आधी करून ठेवायचं काम आहे. ते बसल्यावर चिमटा घेऊन गेलात तर फोटो फक्त चिमट्याचा येईल.

पाकळी शार्प, फुलपाखरू नाही

हा फोकसचा घोळ. कॅमेऱ्याला चौकटीतले सगळे फोकस बिंदू वापरायची मुभा दिली की तो जवळची, ठळक कडांची गोष्ट पकडतो. एक्झोराच्या झुबक्यात पुढच्या पाकळ्याच जास्त ठळक. एकच बिंदू निवडा, तोही लहानात लहान, आणि तो फुलपाखराच्या डोक्यावर नेऊन ठेवा. मधल्या बिंदूवर फोकस धरून मग चौकट सरकवायची सवय लग्नाच्या फोटोंना चालते. इथे तेवढ्या सरकण्यातच फोकस निसटतो.

जवळ जायच्या हावेने होणारी चूक वेगळी. प्रत्येक लेन्सला एका अंतराच्या आत दिसतच नाही. ते अंतर लेन्सच्या तोंडापासून नव्हे, सेन्सरपासून मोजतात. कॅमेऱ्याच्या डोक्यावर गोलाला आडवी चिरणारी एक खूण असते, तिथून. १०० एमएमच्या मॅक्रोला हे अंतर साधारण ३० सेंटिमीटर, कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या १८-५५ ला २५ च्या आसपास. ७०-३०० च्या बऱ्याच लेन्सना मात्र सव्वा-दीड मीटर लागतो. लेन्स घुर्र-घुर्र करत पुढेमागे फिरते आणि थांबतच नाही, तेव्हा ती बिघडलेली नसते. तुम्ही तिच्या नाकाला नाक लावलेलं असतं.

फार जवळून काढताना मी ऑटोफोकस सरळ बंद करतो. अंतर एकदा ठरवायचं, मग कॅमेऱ्यासकट आपणच तीळ-तीळ पुढे झुकायचं आणि झुकता-झुकता पाच-सहा फोटोंची लड लावायची. त्यातला एक डोळ्यावर बसतो. माणूस स्थिर उभा आहे असं वाटलं तरी श्वासाबरोबर दोन-तीन मिलिमीटर डुलतच असतो. ते डुलणं थांबवायच्या मागे लागण्यापेक्षा कामाला लावलेलं बरं. चष्मेवाल्यांनी एक करावं: व्ह्यूफाइंडरशेजारची बारीक चकती स्वतःच्या नंबराला जुळवून घ्यावी. पिशवीत घासून ती कधी फिरते कळत नाही, आणि एक आख्खा रविवार वाया जातो. माझा गेलाय.

आणि एक गंमत. वाया गेलेल्या फोल्डरमध्ये छोट्या निळ्या फुलपाखरांचे काही फोटो होते. फोकस अगदी डोळ्यावर, डोळा खणखणीत शार्प, बाकी सगळं पुसट. बराच वेळ बघितल्यावर ट्यूब पेटली की तो डोळा नव्हताच! पी ब्लूसारख्या निळ्यांच्या मागच्या पंखाच्या टोकाला काळे ठिपके आणि मिशांसारखी बारीक शेपटी असते. खोटं डोकं. बसल्यावर ती मागचे पंख एकमेकांवर घासत राहतात, म्हणजे त्या खोट्या मिशा हलतात आणि पक्षी चोच मारतो ती शेपटाकडे. पक्ष्याला फसवायला जे तयार झालं त्यात मीही फसलो. कॅमेऱ्याचा ‘डोळा शोधा’ पर्यायही फसू शकतो. सोंड ज्या बाजूला आहे ते डोकं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

पंख शार्प, डोळा नाही

माझ्या फोल्डरमधले निम्म्याहून जास्त फोटो या खात्यात निघाले, आणि नेमकं इथेच शटरचं औषध काही करत नाही. उलट बिघडवतं. शटर वाढवलं की कॅमेरा भरपाई म्हणून अॅपर्चर उघडतो आणि शार्प येणारी पट्टी आणखी पातळ होते.

किती पातळ? छोट्या सेन्सरचा, म्हणजे एपीएस-सी कॅमेरा आणि एफ/८ धरा. पंख पसरलेलं लिंबावरचं फुलपाखरू आठ ते दहा सेंटिमीटर. ते चौकटीत बसवायचं तर पाव आकारात पाडावं लागतं, आणि शार्प पट्टी मिळते साधारण सहा मिलिमीटर. तीन सेंटिमीटरचं निळं चौकटभर घ्यायचं तर निम्म्या आकारात, म्हणजे पट्टी दोन मिलिमीटर. तुळशीच्या मंजिरीवरची मधमाशी एकास एक घेतली तर पाऊण मिलिमीटरही नाही. तांदळाच्या दाण्याहूनही कमी जाडीत आख्खी माशी बसवायची आहे!

ही पट्टी वाढवायला अॅपर्चर बारीक करावं हे खरं, पण एफ/११ च्या पुढे फार जाऊ नये. एकास एकला एफ/१६ प्रत्यक्षात एफ/३२ सारखा वागतो. इतक्या बारीक भोकातून येताना प्रकाश पसरतो आणि सगळंच सारखं मऊ होतं. मी एका सकाळी हट्टाने सगळे फोटो एफ/२२ वर काढले होते. पंखाच्या टोकापासून टोकापर्यंत सगळं फोकसमध्ये, आणि शार्प काहीच नाही.

खरा उपाय कोनात आहे. फुलपाखरू म्हणजे वही समजा. वही मिटलेली असेल तर बाजूने काढायची: कॅमेऱ्याची पाठ आणि पंख समांतर. पूर्ण उघडी असेल तर बरोबर वरून, पुन्हा समांतर. मग ती दोन मिलिमीटरची पट्टी पंखाच्या आख्ख्या पसाऱ्यावर अंथरली जाते आणि डोळाही तिच्यात येतो. अर्धवट उघडलेली वही असेल तर दोन्ही पानं वाचायचा मोह सोडायचा. डोळ्यावर फोकस धरायचा, पंख धूसर होत जाऊ द्यायचे. तो फोटोही छान दिसतो, फक्त ठरवून काढलेला हवा.

समांतर आहे का हे पटकन कळायला मी पंखाची दोन लांबची टोकं बघतो. व्ह्यूफाइंडरमध्ये जवळचं टोक धारदार आणि दूरचं विरघळलेलं दिसलं तर डावीकडे किंवा उजवीकडे पाऊलभर सरकायचं, एवढंच. मिटलेल्या पंखांचं फुलपाखरू वरच्या बाजूनेही थोडं कललेलं असतं, त्यामुळे सरकण्याबरोबर गुडघे वाकवावे लागतात. म्हणून ती बादली.

दुसरा उपाय म्हणजे थोडं मागे सरकणं. चौकट ठासून भरायचा हट्ट सोडून निम्म्या आकारात काढा आणि नंतर कापा. कापल्यावर फोटो ताणला जातो, त्यामुळे मिळालेल्या पट्टीतला काही भाग परत जातो, तरी फायदा उरतोच. २४ मेगापिक्सेलचा फोटो लांबी-रुंदीला निम्मा कापला तर सहा मेगापिक्सेल राहतात. ए-४ प्रिंटला ते पुरतात. फोनवर दाखवायला तर चैन आहे. वेगवेगळ्या फोकसचे दहा-वीस फोटो जोडायची युक्तीही आहे, पण त्यासाठी किडा दगडासारखा बसायला हवा. तशी वेळ एकच, पहाटेची.

अंग शार्प, पंख फरफटलेले

लिंबावरचं फुलपाखरू आणि त्याच्या गोतातली कॉमन मॉर्मन, नीलवंत ही मंडळी मध पितानाही पूर्ण टेकत नाहीत. पायांनी फुलाला धरतात आणि पंख फडफडवतच राहतात. नीलवंत म्हणजे ब्लू मॉर्मन, २०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू. मखमली काळ्यावर निळे पट्टे असलेलं हे धूड एक्झोरावर आलं की हात आधीच थरथरतो. तर इथे १/२००० लागतं. तेवढा प्रकाश नसेल तर फडफडीच्या लयीवर नजर ठेवा. पंख अगदी वर किंवा अगदी खाली गेले की परत फिरण्याआधी क्षणभर मंद होतात, त्याच क्षणी लड सोडा. मधमाशीच्या पंखांचा नाद सोडून द्या. ते सेकंदाला दोनशेहून जास्त वेळा हलतात, आणि पुसट पंखांची माशी उडती दिसते, ती चांगलीच दिसते.

नवीन असाल तर सुरुवात मॉर्मनपासून करू नका. काळं-तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांचं हबशी किंवा नारिंगी प्लेन टायगर निवडा. प्लेन टायगरच्या अळ्या रुईच्या पानांवर वाढतात, तिथलं विष अंगात साठवतात. पक्षी त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून ते रमतगमत उडतं आणि निवांत बसतं. चांदवा नावाच्या फुलपाखराची मादी त्याचंच सोंग घेऊन फिरते. तिचा फोटो काढून ‘प्लेन टायगर’ म्हणून चिकटवणाऱ्यांत मीही होतो.

सगळंच लिबलिबीत, आणि प्रत्येक फोटोत वेगळं

एकापाठोपाठ दहा फोटो, शटर १/१०००, फोकस बरोबर. तरी एकात डोकं पाघळलेलं, दुसऱ्यात पंखाची कड नागमोडी. लांबच्या झूमने तापलेल्या गच्चीवरून फोटो काढलाय का, ते आठवा. अकरानंतर स्लॅब आणि फरशी इतकी तापते की तिच्यावरची हवा थरथरायला लागते, डांबरी रस्त्यावर लांब पाणी दिसतं तशी. २०० किंवा ३०० एमएमला ती थरथर फोटोत उतरते. यावर सेटिंगमध्ये इलाज नाही. जवळ जा, किंवा लवकर या.

सगळं धुकट, दुधाळ दिसत असेल तर मात्र काच तपासा. मुंबई-कोकणात एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट बाहेर आणला की मे महिन्याच्या दमट हवेत लेन्सवर वाफ धरते. पुसू नका, पुन्हा धरेल. कॅमेरा बंद पिशवीतच बाहेर आणून अर्धा तास तसाच ठेवायचा. फोनच्या काचेवर बहुतेकदा बोटांचा तेलकटपणा असतो, आणि आंब्याच्या दिवसांत तर काय काय असतं!

शार्प आहे, पण बघवत नाही

१३ मेच्या आसपास पुण्यात आणि १५ मेच्या आसपास मुंबईत दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस. उभ्या काठीची सावली तिच्याच पायाखाली. तो दिवस फोटोंसाठी सर्वांत वाईट. वरचा पंख पांढराफटक, खालचं अंग काळंठिक्कर, डोळा कुठे आहे ते शोधावं लागतं. आणि हे एका दिवसाचं नाही, मेभर दुपारी असंच.

दुपारीच काढायचं असेल तर पांढरी छत्री घ्या आणि कोणाला तरी धरायला लावा. काळी नको, ती प्रकाश नुसता अडवते, पांढरी तो गाळून पसरवते. छत्री आधी उघडून ठेवायची आणि हळूहळू पुढे आणायची, कारण अंगावर अचानक सावली पडली की फुलपाखरू गेलंच. चकचकीत पाठीच्या भुंगेऱ्यांना आणि चतुरांना फ्लॅश वापरत असाल तर त्यापुढे बटर पेपर लावा. नाहीतर पाठीवर एक पांढरा डाग आणि बाकी अंधार.

प्रकाशमापनाची गफलत नेहमीची. कॅमेऱ्याला प्रत्येक दृश्य मध्यम करड्या रंगाचं करायचं असतं. गडद पानांवर पांढरं फुलपाखरू बसलं की तो पानं उजळवायला जातो आणि पंखावरच्या शिरा जळून जातात. तिथे एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेड कमी-जास्त करायचा आकडा, उणे एकपर्यंत खाली घ्या. उलट हबशी चौकटभर असेल तर तो काळ्याचा करडा करतो, तिथेही थोडं उणेच. हळदीकुंकू मात्र खरी परीक्षा घेतं. पंखाच्या खालच्या बाजूला पिवळा आणि लाल, वरची बाजू पांढरी, आणि बसतं ते पंख मिटून. लाल ठिपके फुटायला फार वेळ लागत नाही. फोटोत उजेड बरोबर दिसला तरी रंगांचा वेगळा आलेख (हिस्टोग्राम) बघा, लाल रंग एकटाच टोकाला गेलेला सापडेल.

फोनने काढताना

महाग फोनमध्ये एक उपद्व्याप असतो. किड्याजवळ गेलं की फोन आपणहून मुख्य कॅमेरा सोडून रुंद कॅमेऱ्यावर उडी मारतो. आयफोन १३ प्रोपासून हे आलं. तो दोन सेंटिमीटरवरूनही फोकस करतो. पण दोन सेंटिमीटरवर फोनची सावली थेट किड्यावर, आणि मुख्य कॅमेऱ्याची प्रतही नाही. पडद्यावर चित्र एकदम टुणकन उडाल्यासारखं दिसलं तर ही अदलाबदल झाली समजा. आयफोनवर पिवळं फुलाचं चिन्ह येतं, ते दाबून बंद करता येतं.

स्वस्त फोनवरच्या दोन मेगापिक्सेलच्या ‘मॅक्रो’ कॅमेऱ्याकडे बघूही नका. त्याचा फोकस एका ठरावीक अंतरावर, बहुधा चार सेंटिमीटरवर, अडकवलेला असतो. मुख्य कॅमेराच वापरा, वीतभर लांब राहा, दुप्पट झूम करा. फुलपाखरावर बोट दाबून फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद करा. पडद्यावरचं बटण दाबताना फोन हलतो, म्हणून आवाजाचं बटण वापरा. लड लावायची सोय असेल तर तीच. एकेक फोटो काढताना फोन चार-पाच चित्रं जोडत बसतो आणि तेवढ्यात मिशा हलतात.

मुळात ते बसतच नाही

याचं उत्तर घड्याळात आहे. फुलपाखराला उडायला स्नायू गरम लागतात, साधारण ३० अंशांच्या आसपास. रात्रभर गार झालेलं फुलपाखरू सकाळी पंख उघडून ऊन खात बसतं, आणि तेव्हा ते तुम्हाला सहन करतं. मे महिन्यात पुण्यात सहाच्या सुमाराला सूर्य उगवतो. सव्वासहा ते साडेआठ, एवढीच माझी वेळ. नऊनंतर ती माझ्यापेक्षा चपळ असतात, आणि बाराला ती आणि मी दोघंही सावलीत. उजाडायच्या आधी गेलात तर निळ्या पट्ट्यांच्या माश्या वाळक्या काडीला जबड्याने चावून लटकलेल्या, झोपलेल्या सापडतात. दहा-वीस फोटो जोडायचा खेळ तेव्हा खेळा. चतुर मात्र दुपारचा गडी. उडाला तरी त्याच काडीवर परत येतो, म्हणून काडीवर आधीच फोकस लावून थांबायचं. ऊन फार झालं की तो शेपूट सूर्याकडे उभं करतो. अंगावर ऊन कमी पडावं म्हणून ही कवायत, आणि ती फोटोत फार सुंदर येते.

फुलपाखराकडे जाताना सरळ चालत जाऊ नका. लांबूनच खाली बसा, सूर्य आपल्या मागे असेल तर सावली कुठे पडते ते बघा, आणि पुढे सरका ते फुलपाखरू मध पित असताना. सोंड फुलात असली की लक्ष थोडं कमी असतं.

मे महिन्याची माझी सगळ्यात भरवशाची युक्ती आंब्याची. खाल्लेल्या कोयी-साली एका ताटलीत दोन दिवस सावलीत ठेवायच्या. आंबूस वास सुटला की बॅरन आणि संध्याकाळी उडणारी तपकिरी फुलपाखरं ताटलीला चिकटतात, अगदी फूटभर जवळ गेलं तरी हलत नाहीत. ताटलीची जागा तुम्ही ठरवता, म्हणजे मागचं दृश्य आणि उजेड दोन्ही तुमच्या हातात. ताटली पाण्याच्या परातीत ठेवा, नाहीतर सगळे फोटो मुंग्यांचे. दुसऱ्या ताटलीत ओली वाळू आणि चिमूटभर मीठ ठेवलं तर क्षार शोषायला नर येतात. फ्रीजमध्ये ठेवून किडा सुस्त करायचा आणि मग फोटो काढायचा, असं सुचवणारेही भेटतात. तसले फोटो ओळखू येतात, पाय चुकीच्या जागी दुमडलेले असतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

एक तक्रार मात्र दर वर्षी शिल्लक राहायची. गवतातलं छोटं पिवळं, ग्रास यलो. बसलं की पंख मिटलेच, उघडून बसायचं नावच नाही, त्यामुळे पंखांच्या वरच्या काळ्या किनारीचा फोटो मिळतच नव्हता. मग एकदा चुकून सूर्याच्या उलट्या बाजूला बसलो. पंख कागदासारखा पातळ. मागून ऊन आलं तशी वरची काळी किनार खालच्या बाजूने आरपार उमटली. तेव्हापासून याला मी मुद्दाम सूर्य समोर ठेवून काढतो. एक्स्पोजर अधिक एक, आणि लेन्सवर थेट ऊन पडू नये म्हणून दुसऱ्या हातात टोपी.